उशिराची टाच

एमॉस ऑर्मरॉडला वाटायचं, आपली मुलगी टायपिस्ट आहे.

तसं त्याला सांगितलंच होतं. कल्व्हर सिटीतल्या मोठ्या स्टुडिओत, दुसऱ्या मजल्यावर, टायपिंगच्या खोलीत नेटाची जागा खिडकीपाशी आहे. साहेब बरा आहे. शेजारी बसणारी मुलगी फार शिंकते. नेटाने ही खोली इतक्या वर्षांत इतकी नीट सजवली होती, की कधी कधी तिला स्वतःलाच त्या शिंकणाऱ्या मुलीची काळजी वाटे.

नेटाला टायपिंग येत नव्हतं. ती नाचत होती. पडद्यावर नाचणाऱ्या सुंदर बायकांच्या पायांचा आवाज तिचा होता.

सिनेमात टॅप नाच चालू असतो. चकचकीत फरशी, पिसांचे झगे, बुटांच्या तळाला ठोकलेल्या पत्र्यांचा कडकडाट. तो कडकडाट चित्र घेतानाचा नसतो. तेव्हा कर्ण्यातून गाणं वाजत असतं, दिग्दर्शक ओरडत असतो, पंखे घरघरत असतात. तो आवाज टाकून द्यावा लागतो. मग नंतर एका बंद खोलीत तोच नाच पुन्हा पडद्यावर दाखवतात. समोर लाकडी फळ्या टाकलेल्या असतात. कानाला यंत्र लावून कोणीतरी त्या फळ्यांवर, पडद्यावरच्या पायांना पाय जुळवत नाचतं. या स्टुडिओत ते कोणीतरी म्हणजे नेटा ऑर्मरॉड.

जाहिरातींत लिहिलेलं असे की आमच्या नायिका स्वतः नाचतात. त्या नाचतही. ऐकू येई ती मात्र नेटा.

पहिल्याच दिवशी आवाजखात्याच्या वॉल्डो रँकिनने तिची कागदावर सही घेतली होती. सही वाळेपर्यंत तो थांबला आणि म्हणाला, "संध्याकाळी जाताना पाय इथंच ठेवून जायचे, मिस ऑर्मरॉड. सकाळी परत मिळतील."

"घरी वडील असतात," नेटा म्हणाली.

"वडिलांनाही नाही. माझ्या बायकोला वाटतं मी कुलपं दुरुस्त करतो."

नेटा हसली. पण दिलेला शब्द तिने पाळला. शब्द पाळणं हे ऑर्मरॉडांचं एक खूळ होतं. दुसरं खूळ टाचेचं.

एमॉसची आई मॅसॅच्युसेट्समधल्या एका कापडगिरणीत मागावर काम करायची. त्या बायका लाकडी तळव्याचे बूट घालत. हिवाळ्यात गिरणीची दगडी फरशी बर्फासारखी होई. पाय गरम राहावेत म्हणून मागाच्या ठेक्यावर त्या जागच्या जागी पाय आपटत. धोटा जाई, धोटा येई, पाय त्याच्या मागे धावत. त्यातून नाच झाला. सुट्टीच्या दिवशी गिरणीच्या दारात पैजा लागत. एमॉसची आई कधी हरली नाही, असं एमॉस सांगे. सांगताना तो आपल्या आईला दरवेळी थोडी थोडी उंच करत असे.

तिच्या नाचाचा शेवट मात्र इतरांपेक्षा वेगळा होता. सगळे शेवटच्या ठोक्यावर थांबत. ती थांबे, आणि सगळं शांत झालं की एक टाच खाली ठेवी. ठक. कारण माग तसा थांबतो. पट्टा काढला तरी तो लगेच गप्प होत नाही. जरा वेळ जातो, लोकांना वाटतं थांबला, आणि मग तो एकदा खट करतोच.

ती टाच एमॉसने उचलली आणि गिरणी सोडून तो गावोगावच्या व्हरायटी थिएटरांतून नाचत फिरला. नेटाचा जन्म अशाच एका दौऱ्यात झाला. तिची आई गाणारी होती. नेटा नऊ वर्षांची असताना ती न्यूमोनियाने गेली. पुढच्याच महिन्यात फलकावर नवं नाव आलं: 'ऑर्मरॉड आणि कन्या'. पडदा वर जायच्या आधी विंगेत एमॉस पोरीच्या गुडघ्यावर तळवा ठेवायचा. गुडघा थरथरत असेल तर म्हणायचा, "बरं आहे. जिवंत आहेस." आणि शेवटची टाच राहिली, तर खाली उतरल्यावर छडीने पोटरीवर हलकी टिचकी मिळायची. फार लागत नसे. पण टाच कधी राहिली नाही.

मग बोलपट आले. व्हरायटी थिएटरांत पडदे लागले. बापलेक कॅलिफोर्नियाला आले. एमॉसला काम मिळालं नाही. नेटाला मागच्या रांगेत नाचायला घेतलं, आणि पुढे वयाच्या तिशीत काढूनही टाकलं. उंची जास्त, हनुवटी लांब, आणि रांगेतली सगळी पिसं तिच्या खांद्याशी येत. त्याच सुमारास एमॉसच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. बापाची नजर गेली त्याच वर्षी रँकिनला नेटाचे पाय ऐकू आले. घरी टायपिंगची खोली सांगितली गेली ती तेव्हा. त्या दिवसापासून घरात नाचाचं नाव निघेनासं झालं.

टोप्यांच्या सिनेमापर्यंत असं चाललं होतं.

त्या सिनेमाला स्टुडिओत सगळे टोप्यांचा सिनेमाच म्हणत. टोप्यांच्या दुकानातल्या दोन मुली लक्षाधीश नवरा शोधायला न्यूयॉर्कला जातात, दोघींना एकच सापडतो, आणि तो लिफ्ट चालवणारा निघतो. डेल्फीन वेअर आणि आयव्ही सिंक्लेअर. एक सोनेरी, एक काळ्या केसांची. शेवटी दोघी दुकानाच्या जिन्यावरून नाचत खाली येतात, तो नाच मोठा होता. आणि दोघींचेही पाय नेटाला करायचे होते.

नेटा चित्रीकरण चालू असताना कोपऱ्यात उभी राहून त्यांचे पाय पाहायची. चेहरे तिला नंतर आठवत नसत. डेल्फीन फार चांगली नाचायची, पण डाव्या पायाचं वजन चोरायची. आयव्ही गाणारी होती. तिला नाच तीन महिन्यांत शिकवला होता आणि ते तिच्या गुडघ्यांना माहीत होतं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत आयव्ही पिसांचा झगा सावरत नेटापाशी आली.

"तुम्ही माझे पाय करणार ना? मला सांगितलं कोणीतरी. कोणी सांगितलं ते मी सांगणार नाही."

"हो."

"मग खरं सांगा. मी वाईट नाचते ना?"

नेटाने जरा विचार केला. "तुम्ही उशिरा येता," ती म्हणाली. "पण येता."

आयव्हीने डोळे पुसले, की घाम पुसला, ते रंगाखाली कळलं नाही. "तसंच करा मग," ती म्हणाली. "उशिरा येणारी. पण येणारी."

नेटाने तसंच केलं. आधी डेल्फीनचा नाच ध्वनिफितीवर गेला, डाव्या पायाला जपत. मग आयव्हीचा, ठोक्यापेक्षा केसभर मागे. उरला फक्त जिन्याचा शेवट.

त्या दिवशी सकाळी एमॉस ओसरीत आरामखुर्चीवर बसला होता. शेजारच्या मेक्सिकन लुसेरोबाई, त्याला मानाने 'डॉन' म्हणणाऱ्या, रोजच्यासारख्या त्याच्या सोबतीला आल्या होत्या. मांडीवर मटारच्या शेंगांचं पातेलं होतं.

"लुसेरोबाई, तुमचा उजवा पाय उचला."

"कशाला?"

"उचला तर. आता टाच टाका. आत्ता नाही. थांबा. आत्ताही नाही. हां, आता."

"डॉन एमॉस, माझे गुडघे मी देवापुढे टेकायला राखून ठेवलेत."

"देवाचं तुमच्या गुडघ्यांवाचून अडलेलं नाही."

"आणि माझं तुमच्या टाचेवाचून. घ्या, शेंगा सोला. हात रिकामे असले की तोंड चालतं तुमचं."

नेटा दारात उभी राहून कोटाची बटणं लावत होती. एमॉसने तिच्याकडे मान वळवली. त्याला ती नेहमी बरोबर सापडे.

"काल डॉक्टर काय म्हणाला ते तू सांगितलं नाहीस."

"मीठ कमी करा म्हणाले."

"आणखी?"

"जिने चढू नका."

"हृदयाचं म्हणाला असेल काहीतरी. सांगू नकोस, मला कळतंय. रात्री ऐकू येतं ना ते." त्याने एक शेंग सोलली आणि दाणे पातेल्याबाहेर टाकले. "मरायचं काही नाही गं. मरतात सगळे. पण ती टाच माझ्याबरोबर जाईल. आईने दिलेली. तेवढंच टोचतं."

"मला येते की, डॅड."

"यायची तुला," एमॉस म्हणाला. "आता तू टाइप करतेस."

लुसेरोबाईंनी खाली वाकून दाणे वेचले. नेटा एक वाक्य बोलली असती तर पुरे होतं. ते वाक्य तिने स्टुडिओच्या फाटकापर्यंत तोंडात धरून ठेवलं आणि तिथे गिळलं.

खोलीत गेल्यावर तिला दिसलं, की कोपऱ्यात डेल्फीन वेअर बसली आहे. अंगात सैल झगा, पायांत घरातल्या सपाता, हातात उकडलेलं अंडं.

"मला हाकलू नका," डेल्फीन म्हणाली. "स्वतःचे पाय कोणी करताना मला एकदा बघायचं होतं. वॉल्डो हो म्हणाला."

"वॉल्डो हो म्हणाला नाही," काचेमागून रँकिनचा आवाज आला. "वॉल्डो नाही म्हणाला आणि बाईंनी ऐकलं नाही."

डेल्फीनने डावी सपात काढून पाय पुढे केला. अंगठ्याच्या बुडाशी सुपारीएवढं हाड वर आलं होतं. "हे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "काल मी फीत ऐकली. माझ्या आईलासुद्धा हे माहीत नाही."

"ऐकू येतं ते," नेटा म्हणाली.

"पोस्टरवर येत नाही ना, झालं तर मग." तिने पाय पुन्हा सपातीत घातला आणि अंड्याला मीठ लावलं.

दिवे मालवले. पडद्यावर जिना उजळला. दोन सुंदर बायका वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या, डोक्यांवर अचाट टोप्या. नेटा फळ्यांवर चढली. आधी आयव्हीची पाळी होती. पायऱ्या उतरताना पाय आपोआप चालले. उशिरा, पण आले. खालच्या पायरीवर शेवटची उडी, शेवटचा ठोका, आणि गाणं थांबलं. कॅमेरा दोघींच्या चेहऱ्यांपाशी गेला. पाय चित्राबाहेर राहिले. नुसते दोन चेहरे, दोन टोप्या, आणि शांतता.

आणि त्या शांततेत नेटाची टाच पडली.

ठक.

यंत्र बंद झालं. रँकिनने काचेवर बोट वाजवलं.

"गाणं संपलंय, मिस ऑर्मरॉड."

"माफ करा."

"परत घेऊ."

परत घेतलं. जिना, पायऱ्या, उडी, शांतता. ठक.

इतकी वर्षं असं कधी झालं नव्हतं. प्रत्येक नाचाच्या शेवटी तिची टाच वर उचललेली असे, आणि रँकिनचं यंत्र बंद होईपर्यंत ती तिला तशीच हवेत धरून ठेवी. मग हळूच, आवाज न करता खाली ठेवी. रँकिनला हे ठाऊक नव्हतं. कोणालाच नव्हतं. आज टाच ऐकेना.

"तब्येत बरी आहे ना?" रँकिन बाहेर आला. "पाणी हवंय?"

"सवय आहे ती. लहानपणची."

"असू दे. त्रास घेऊ नका. तेवढा तुकडा मी कात्रीने काढतो. एक बोटभर फीत, काही बिघडत नाही."

तो वळला. नेटा फळ्यांवरच उभी होती. या खोलीत तिने आजवर काहीच मागितलं नव्हतं. नवे बूटसुद्धा तिला द्यावे लागत, ती मागत नसे.

"मिस्टर रँकिन," ती म्हणाली. "कापायच्या आधी चित्राबरोबर लावून बघाल? एकदाच."

"पाय दिसत नाहीत तिथं. न दिसणाऱ्या पायाचा आवाज ठेवून काय करू?"

"एकदाच."

रँकिनने तिच्याकडे पाहिलं. मग खांदे उडवले आणि आत गेला. फीत चित्राला जुळवायला वेळ लागला. डेल्फीनने अंड्याची टरफलं रुमालात बांधली. नेटा भिंतीला टेकून बसली.

जिना पुन्हा उजळला. दोघी उतरल्या. गाणं थांबलं. चेहरे जवळ आले. आणि आता नेटाला दिसलं, की शांततेत आयव्हीचा उजवा खांदा जरासा खाली जातो. फार नाही. शेवटच्या उडीनंतर तिचा तोल गेला होता आणि तिने तो हसत हसत सावरला होता. तिचा खांदा खाली गेला, आणि नेमकी तेव्हा टाच पडली. ठक. जणू आयव्हीने सगळे गप्प झाल्यावर मुद्दाम एक पाय आपटला. जणू ती म्हणाली, माझं अजून झालेलं नाही.

डेल्फीन मोठ्याने हसली. स्वतःच्या हसण्याने दचकली आणि पुन्हा हसली.

"वॉल्डो, ते कापलंस तर मी तुझ्या बायकोला सांगेन तू काय काम करतोस ते," ती म्हणाली. मग नेटाकडे वळली. "त्या खांद्यापायी दिग्दर्शक तिचा चेहराच काढणार होता. लांबून घेतलेलं चित्र लावणार होता. पुन्हा घेता येईना, जिना मोडून झालाय. आयव्ही दोन दिवस रडतेय. पहिला मोठा सिनेमा तिचा."

"दिग्दर्शकाला विचारावं लागेल," रँकिन म्हणाला. पण कात्री त्याने बाजूला ठेवली होती.

दिग्दर्शकाने ऐकलं आणि तो हसला. तो सहसा हसत नसे. टाच सिनेमात राहिली.

का मागितलं, ते नेटाला कोणी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. दिलेला शब्द मोडला नव्हता. फक्त एक टाच जगात सोडली होती. आता ती जिथे पोचायला हवी तिथे वेळेत पोचते की नाही, एवढंच उरलं होतं.

सिनेमा लागायला शरद ऋतू उजाडला. तोवर एमॉस ओसरीतून न्हाणीघरापर्यंत जाताना दोनदा थांबू लागला होता.

"आंधळ्याला सिनेमाला नेता?" तो म्हणाला. "बहिऱ्याला गाण्याला नेतात का कोणी?"

"तुम्ही कान घेऊन या," लुसेरोबाई म्हणाल्या. "डोळे मी आणते. डेल्फीन वेअरचा सिनेमा मी सोडणार नाही, आणि तुम्हाला एकटं ठेवून गेले तर नेटा मला बोलेल."

"नेटा कोणाला बोलत नाही."

"तेच तर. न बोलता बघते."

शनिवारच्या दुपारच्या खेळाला तिघं गेली. एमॉसने धुतलेली कॉलर लावली होती. नेटा त्याच्या डाव्या बाजूला बसली, लुसेरोबाई उजव्या. सिनेमा सुरू झाला तशा लुसेरोबाई त्याच्या कानात सांगू लागल्या.

"ती आली. निळा झगा. टोपीवर अख्खा पक्षी."

"जिवंत?"

"डॉन एमॉस."

"विचारलं."

लोक हसत होते. एमॉसही एकदोनदा हसला, विनोदांना नव्हे, लोक उशिरा हसले त्याला. मग जिना आला. नेटाने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले.

पत्रे वाजू लागले. एमॉसची मान वर झाली. इतक्या वर्षांत नेटाने त्याची मान अशी वर झालेली पाहिली नव्हती.

"आता कोण नाचतेय?" त्याने विचारलं.

"माझी डेल्फीन. काय दिसतेय म्हणून सांगू. नुसती ज्योत."

"डावा अंगठा दुखतोय तिचा."

"डेल्फीन वेअरचा अंगठा दुखत नाही. तिला पोती भरून पत्रं येतात."

"पत्रांनी अंगठा बरा होत नाही, लुसेरोबाई. आता दुसरी आली."

"हो. काळे केस. तुम्हाला कसं कळलं?"

एमॉस ऐकत राहिला. "ही उशिरा येते," तो म्हणाला. "पण येते."

नेटाने डोळे मिटले. मागच्या रांगेतून एक माणूस म्हणाला, "आजोबा, घरी बोला की."

पायऱ्या संपल्या. उडी. शेवटचा ठोका. गाणं थांबलं. अख्ख्या थिएटरात क्षणभर कोणी हललं नाही.

ठक.

थिएटर हसलं. मागच्या रांगेतला माणूससुद्धा हसला. लुसेरोबाई टाळ्या पिटत होत्या. एमॉस हसला नाही. त्याची काठी खाली घरंगळली, ती त्याने उचलली नाही.

"तिसरी कोण?" त्याने विचारलं.

"तिसरी कसली? दोघीच आहेत."

"नाही. शेवटी एक तिसरी होती."

"मला डोळे आहेत, डॉन एमॉस."

"म्हणूनच," एमॉस म्हणाला.

लुसेरोबाई पडद्यावर काय चाललंय ते सांगत राहिल्या. लिफ्टवाल्याचं लग्न झालं. टोप्या हवेत उडाल्या. मध्येच केव्हातरी एमॉसचा हात अंधारात डावीकडे आला, चाचपडला, आणि नेटाच्या गुडघ्यावर तळवा ठेवून थांबला. गुडघा थरथरत होता. तळवा दिवे लागेपर्यंत तिथेच राहिला.

घरी आल्यावर लुसेरोबाई आपल्या स्वयंपाकाला गेल्या. नेटाने कॉफी केली. बापलेक ओसरीत बसले. समोरच्या संत्र्याच्या झाडाखाली कोणाचं तरी मांजर बसलं होतं. एमॉसने कप दोन्ही हातांत धरला होता. बराच वेळ तो प्यालाच नाही.

"कचेरीत कसं चाललंय?" त्याने विचारलं.

"बरं चाललंय, डॅड."

"काम पुष्कळ असेल."

"असतं."

"हात दुखत असतील."

"दुखतात कधी कधी."

एमॉसने मान हलवली. मग म्हणाला, "जरा जास्तच उशिरा टाकतेस. माग थांबायला एवढा वेळ घेत नाही."

नेटाने कप खाली ठेवला. बोलायचं नव्हतं, शब्द दिला होता. एमॉसने कप ठेवल्याचा आवाज ऐकून घेतला.

"पण लोक हसले," तो म्हणाला. "माझ्या आईच्या वेळी कोणी हसायचं नाही. तिला आवडलं असतं." त्याने कॉफीचा घोट घेतला. "आणि ती शेजारची? शिंका थांबल्या का तिच्या?"

"कमी आहेत," नेटा कशीबशी म्हणाली.

"बाई गुणी असणार ती. इतकी वर्षं शिंकतेय बिचारी. माझा नमस्कार सांग तिला."

सिनेमा गावात होता तोवर एमॉस दर शनिवारी गेला. टाच पडली की तो उठे. पुढचा भाग बघायचाय म्हणून लुसेरोबाई कुरकुरत, पण त्याला हात देऊन बाहेर आणत. लिफ्टवाल्याचं लग्न त्यांना मग पुन्हा कधी बघायला मिळालं नाही. वसंतात एमॉस झोपेतच गेला. त्या शेवटच्या हिवाळ्यात त्याने नेटाला नाचाबद्दल एक शब्द विचारला नाही. शिंकणाऱ्या मुलीची चौकशी मात्र रोज केली. तिचं लग्न जमवायचं चाललं होतं दोघांचं. एमॉसच्या मते तिने दंतवैद्य नवरा करू नये.

पुढे काही वर्षांनी लोकांना जिन्यावरून नाचत उतरणाऱ्या बायका नकोशा झाल्या. टोप्याही गेल्या. फळ्यांची खोली सामानाने भरली. रँकिन निवृत्त झाला आणि म्हणे खरोखरच कुलपं दुरुस्त करू लागला. स्टुडिओने नेटाला काढलं नाही. तिला टायपिंग शिकायला पाठवलं, आणि मग दुसऱ्या मजल्यावर जागा दिली. खिडकीपाशीच.

शेजारच्या टेबलावर साहित्य शिकून नुकतीच लागलेली एक मुलगी होती. ती शिंकत नसे. पहिले काही दिवस नेटाला ते फार चुकल्यासारखं वाटलं. ती मधूनच त्या मुलीकडे बघे, वाट पाहिल्यासारखी.

संध्याकाळी घंटा झाली की सगळी यंत्रं एकदम थांबत. खोली गप्प होई. मुली कोट शोधायला लागायच्या आधी एक क्षण असा येई, की कोणीच काही करत नसे. आणि मग नेटा ऑर्मरॉडच्या टेबलाखालून आवाज येई.

"काय पडलं?" त्या मुलीने एकदा विचारलं.

"काही नाही," नेटा म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "तुला सर्दी होत नाही का गं कधी?"